घरच्या घरी मण्यांची पोत कशी ओवावी? नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

मंगळसूत्र तुटले तर मराठी घरात ‘तुटले’ म्हणत नाहीत, ‘वाढले’ म्हणतात. अशा वेळी दोष बहुधा मण्यांचा नसतो, दोऱ्याचा किंवा गाठीचा असतो. त्यामुळे मण्यांचे दागिने शिकताना रंगसंगतीच्या आधी दोरा आणि गाठ शिकावी लागते.

दागिने दोऱ्यात गाठवण्याचे काम पूर्वी पटवेकरी करत. बीड जिल्ह्यातल्या तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या पारंपरिक पेहरावात मणी, कवड्या आणि आरसे असतात. ते काम बरेच गुंतागुंतीचे आहे. सुरुवातीला मात्र काळ्या मण्यांची एकपदरी पोत पुरे.

साहित्य

- ४ मिमीचे काळे मणी ८८ आणि सोनेरी मणी २२ (शिवाय थोडे जास्तीचे)
- मजबूत पॉलिस्टर दोरा, ४ फूट
- मण्याच्या छिद्रातून सहज जाणारी बारीक सुई
- दोन्ही टोकांसाठी फासा किंवा हुक-कडी
- कात्री आणि रंगहीन नेलपॉलिश

शिवणकामाचा साधा सुती दोरा टाळावा. तो घामाने आणि पाण्याने लवकर कुजतो. तंगूस मजबूत असतो, पण गुळगुळीत असल्याने त्याची साधी गाठ सुटते.

माप

घरातली जुनी पोत सुतळीने मोजणे हा सर्वांत सोपा मार्ग. गळ्यालगतची पोत साधारण १६ ते १८ इंच असते. ४ मिमीचे ११० मणी ओळीने लावले की ४४० मिमी, म्हणजे सव्वासतरा इंच होतात. फाशासह लांबी १८ इंचांच्या आसपास जाते.

कृती

१. दोरा सुईत ओवून दुहेरी करावा. दोन्ही टोके एकत्र धरून फाशाच्या एका कडीला दोन-तीन घट्ट गाठी माराव्यात.

२. ताटात जाड कापड पसरून त्यावर मणी ठेवावेत, म्हणजे ते घरंगळत नाहीत. वेडेवाकडे किंवा फुटक्या कडांचे मणी आधीच बाजूला काढावेत.

३. चार काळे, एक सोनेरी असा क्रम २२ वेळा ओवावा. दर दहा इंचांनी क्रम तपासावा. शेवटी चूक सापडली तर सगळे उसवावे लागते.

४. दुसऱ्या कडीतून सुई काढून दोरा ओढावा, पण फार ताणू नये. मणी किंचित हलतील एवढी ढील हवी. ताठ ओवलेली पोत गळ्यावर नीट बसत नाही आणि वाकताना दोऱ्यावर ताण येतो.

५. दोन-तीन गाठी मारून सुई शेवटच्या तीन-चार मण्यांतून उलट फिरवावी आणि मगच दोरा कापावा. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब लावून पूर्ण वाळू द्यावा.

पोत लवकर का तुटते?

धातूच्या स्वस्त मण्यांच्या छिद्राची कड कधी कधी धारदार असते आणि ती दोरा हळूहळू कापते. असा मणी दोऱ्यावर मागेपुढे फिरवून पाहावा. दोऱ्याचे तंतू निघाले तर तो वापरू नये. दुसरी कमकुवत जागा फाशाजवळची, कारण सगळा ओढा तिथेच येतो. म्हणून तयार पोत एक रात्र खुंटीला टांगून सकाळी गाठी पाहाव्यात.

विकायची असेल तर

बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. घरी राहून चार पैसे मिळावेत, अशी अनेकींची गरज असते. पण या कामात स्वतःच्या वेळेची किंमत धरली नाही तर हाती काही उरत नाही. समजा, साहित्य ६० रुपयांचे, वेळ दीड तास आणि तासाची मजुरी ५० रुपये. मजुरी ७५ रुपये झाली, वेष्टन ५ रुपये. म्हणजे १४० रुपयांच्या खाली विकणे तोट्याचे. बचत गटातल्या स्त्रियांनी गावातल्या ‘उमेद’ अभियानाच्या कार्यकर्तीकडे प्रदर्शन आणि विक्रीच्या संधींची चौकशी करावी.

पहिल्या दोन-तीन पोती विकू नयेत. महिनाभर घरातच रोज वापराव्यात. त्या टिकल्या, तरच गाठ जमली असे समजावे.

एक काळजी: लहान मुले मणी तोंडात, नाकात घालतात आणि ते श्वासनलिकेत अडकू शकतात. काम झाल्यावर जमीन झाडून मणी झाकणाच्या डब्यात ठेवावेत.