फिरता दवाखाना, फिरती शाळा: जंगलाकाठच्या गावांत संवर्धनाचे धडे कसे पोहोचतात?

पश्चिम युगांडात, फोर्ट पोर्टल शहराजवळ किबाले राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे ८०० चौरस किलोमीटरच्या या जंगलात माकड-वानरांच्या कुळातल्या १३ जाती राहतात. चिंपांझींची संख्या हजाराच्या वर आहे. १९३२ पासून राखीव असलेल्या या जंगलाला १९९३ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पण उद्यानाची हद्द संपते तिथेच मका, केळी आणि चहाची शेती सुरू होते. जंगल आणि माणूस यांच्यात कित्येक ठिकाणी फक्त एक पायवाट असते.

भांडण कशावरून?

हत्ती एका रात्रीत शेत फस्त करतात. बबून माकडं मक्याची कणसं पळवतात. राखणीसाठी अनेकदा घरातल्या मुलांना शाळा बुडवावी लागते. त्यामुळे पर्यटक पैसे मोजून जे प्राणी बघायला येतात, तेच गावकऱ्यांना डोकेदुखी वाटतात.

दुसरीकडे, छोटी हरणं किंवा रानडुकरं पकडण्यासाठी काही जण जंगलात तारेचे फास लावतात. त्यात चिंपांझींचे हात-पाय अडकतात. किबालेत बोटं किंवा पंजा गमावलेले अनेक चिंपांझी दिसतात.

आजारही हद्द ओलांडतात

२०१३ मध्ये किबालेतल्या कान्यावारा भागात ५६ चिंपांझींच्या एका गटात श्वसनाच्या आजाराची साथ आली आणि त्यातले ५ दगावले. तपासणीत कारण निघालं मानवी ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे माणसाला साधी सर्दी करणारा विषाणू. गावात सर्दी-खोकला कमी, तर जंगलातही धोका कमी, असं हे थेट नातं आहे.

मग गाडीच गावात का न्यायची?

उद्यानाच्या केंद्रात माहितीफलक लावले, तरी ते पाहायला पर्यटकच जास्त येतात. शेतकऱ्याला एक दिवस मोडून, प्रवासभाडं खर्चून तिथे जाणं परवडत नाही. म्हणून किबालेत माकडांवर दीर्घकाळ संशोधन करणारे कॉलिन चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी उद्यानाच्या कडेला दवाखाना सुरू केला आणि पुढे फिरता दवाखानाही.

यामागचा विचार सरळ आहे. तपासणी आणि औषधांसाठी लोक जमतातच. त्याच वेळी हात धुणं, जंत आणि मलेरिया यांबरोबर जंगलाचाही विषय निघतो. फास का लावू नयेत, प्राण्यांच्या फार जवळ का जाऊ नये, जंगल राहिलं तर पाऊसपाण्याला काय फायदा, हे स्थानिक भाषेत सांगितलं जातं. मुख्य म्हणजे, हा दवाखाना आपल्याला या जंगलामुळे मिळाला, हे लोकांना प्रत्यक्ष दिसतं.

बविंडीचा अनुभव

युगांडातच बविंडी जंगलात १९९६ मध्ये गोरिलांना खरूज झाली. ती आसपासच्या वस्तीतून आल्याचा निष्कर्ष निघाला. तेव्हा तिथे काम करणाऱ्या पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी २००३ मध्ये 'कन्झर्व्हेशन थ्रू पब्लिक हेल्थ' ही संस्था उभी केली. या संस्थेचे गावातलेच स्वयंसेवक घरोघरी जाऊन आरोग्य आणि गोरिला, दोन्हींबद्दल बोलतात. इथे गाडीची जागा शेजारणीने घेतली आहे आणि शेजारणीचं म्हणणं लोक लवकर ऐकतात.

फक्त शिकवून भागतं का?

नाही. हत्तीने शेत खाल्लं, तर व्याख्यानाने पोट भरत नाही. म्हणून जोडीला इतर उपाय लागतात:

- किबालेच्या हद्दीवर काही ठिकाणी हत्तींना अडवणारे खंदक खणले आहेत.
- उद्यानाच्या प्रवेश शुल्कातला २० टक्के वाटा शेजारच्या गावांच्या कामांसाठी देण्याची कायद्यात तरतूद आहे.
- २०१९ च्या वन्यजीव कायद्याने हत्तीसह काही ठरावीक प्राण्यांनी केलेल्या नुकसानीसाठी भरपाईची योजना आणली.

फिरत्या शिक्षणाचा उपयोग इथेही होतो. भरपाईचा अर्ज कुठे करायचा, खंदकाची डागडुजी कोणी करायची, निधीतून शाळेची खोली बांधायची की पाण्याची सोय, हे गावाला माहीत असेल तरच हक्क कागदावरून शेतापर्यंत येतो. आणि गाडीतून आलेल्या माणसाने गावाची तक्रार ऐकून ती उद्यानाच्या कार्यालयात पोहोचवली, तर पुढच्या फेरीला त्याचं ऐकायलाही लोक थांबतात.