वरचे दूध आणि आटणारा पान्हा

बाळ तीन-चार दिवसांचे झाले, की बऱ्याच घरांत एक प्रसंग घडतो. बाळ रडत असते, आई थकलेली असते आणि कोणीतरी म्हणते, "हिचे दूध पुरत नाही, वरचे दूध सुरू करा." बाटली येते. बाळ घटाघटा पिते आणि गाढ झोपते. सर्वांना हायसे वाटते. पंधरा दिवसांनी पाहावे, तर अंगावर घेतले की बाळ मान फिरवते, आईला आपली छाती रिकामी वाटते, आणि तेच कोणीतरी पुन्हा म्हणते, "पाहा, मी सांगितले नव्हते?"

यात कारण कोणते आणि परिणाम कोणता? दूध कमी होते म्हणून बाटली आली, की बाटली आली म्हणून दूध कमी झाले? कार्यकारणभाव शिकवायला याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण. या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाला फार उशिरा मिळाले, आणि त्यातला मोठा भाग प्रसूतिगृहात नव्हे, तर गोठ्यात सापडला.

वरचे दूध ही काही आजची गोष्ट नाही. जर्मनीच्या बव्हेरिया भागात कांस्ययुगातील व लोहयुगातील लहान मुलांच्या थडग्यांत चोच असलेली मातीची इवली भांडी सापडली आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत त्यांत रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे अंश मिळाले. आपल्याकडचे बोंडले याच कुळातले. पण ही भांडी अडीअडचणीला वापरायची होती. आई दगावली, आजारी पडली, दाई मिळाली नाही, तर त्यांचा आधार.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. १८४५ मध्ये अमेरिकेत रबरी बोंडाचे पेटंट घेतले गेले. पुढे लांब रबरी नळीची बाटली युरोपभर लोकप्रिय झाली. बाळाच्या तोंडात नळी दिली, की आई कामाला मोकळी. ती नळी आतून धुणे मात्र अशक्य होते. दुधाचे थर साचत, त्यात जंतू माजत. इतकी मुले दगावली, की फ्रान्सने १९१० मध्ये या बाटलीवर कायद्याने बंदी घातली.

याच काळात रसायनशास्त्र आत्मविश्वासाने पाळण्यापाशी येऊन उभे राहिले. युस्टुस फॉन लीबिग हे त्या काळातील थोर रसायनशास्त्रज्ञ. १८६५ मध्ये त्यांनी गाईचे दूध, गव्हाचे पीठ, माल्टचे पीठ आणि पोटॅशियम बायकार्बोनेट यांपासून बाळांसाठी अन्न तयार केले. आईच्या दुधाला ते पर्याय ठरेल, असा त्यांचा दावा होता. १८६७ मध्ये पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ देपॉल यांनी ते चार नवजात बालकांना देऊन पाहिले. चारही बालके काही दिवसांत दगावली. तरी व्यापार थांबला नाही. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये आँरी नेस्ले यांचे दूध-पीठ बाजारात आले.

आमच्या मते बाटलीने केलेला सर्वांत मोठा बदल दुधात नव्हता, आकड्यांत होता. बाटलीवर रेघा असतात. बाळ किती प्यायले ते दिसते. छातीवर रेघा नसतात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्या माणसांना मोजता येणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायची सवय असते, आणि तेव्हाचे डॉक्टरही त्याला अपवाद नव्हते. हार्वर्डचे बालरोगतज्ज्ञ टॉमस रॉच तर स्निग्धांश, साखर आणि प्रथिने यांचे टक्के ठरवून प्रत्येक बाळासाठी वेगळे मिश्रण लिहून देत.

रेघांपाठोपाठ घड्याळ आले. न्यूझीलंडचे ट्रूबी किंग हे एका मनोरुग्णालयाचे प्रमुख. तिथल्या शेतावर त्यांनी वासरांना नेटके, मोजून दूध पाजण्याची पद्धत बसवली होती. १९०७ मध्ये त्यांनी बालसंगोपनासाठी संस्था काढली. दर चार तासांनी दूध, रात्री अजिबात नाही, हा त्यांचा दंडक होता. त्यांची शिकवण ब्रिटन आणि इतर देशांतही पसरली. गंमत अशी, की किंग हे स्तनपानाचे कडवे पुरस्कर्ते होते. आईनेच पाजावे म्हणून ते तळमळीने सांगत राहिले, आणि दूध आटवणारी पद्धतही त्यांनीच शिकवली. दिवसात पाच वेळा घड्याळ पाहून पाजले, तर अनेकींचे दूध कमी होते. मग बाटलीची जोड लागते, आणि जोडीने आलेली बाटली हळूहळू घराची मालकीण होते. यात किंग यांचा वाईट हेतू नव्हता. दूध शरीरात कसे तयार होते, हेच तेव्हा कोणाला नीट ठाऊक नव्हते.

ते कोडे उलगडायला सुरुवात झाली गोठ्यात. आपल्या भाषेत त्यासाठी एक नेमका शब्द आहे, 'पान्हा'. गाईला वासरू लुचू लागले, की ती पान्हावते. धार काढणारा परका असला, कुत्रे भुंकले, की ती पान्हा चोरते. दूध कासेत असते, पण उतरत नाही. म्हणजे दूध तयार होणे वेगळे आणि दूध उतरणे वेगळे, हा भेद गुराख्यालाही ठाऊक आहे. विज्ञानात तो स्पष्टपणे मांडला गेला १९१५ मध्ये, अमेरिकी संशोधक गेन्स यांच्याकडून.

१९४१ मध्ये ईली आणि पीटरसन यांनी त्याचा पाठपुरावा केला. त्यांनी गाईच्या अर्ध्या कासेकडे जाणाऱ्या मज्जातंतू तोडल्या. तरीही पान्हा दोन्ही बाजूंना सारखाच फुटला. याचा अर्थ, निरोप थेट मज्जातंतूंनी कासेकडे जात नाही, रक्तातून जातो. मग त्यांनी गाईला घाबरवायचे ठरवले. तिच्या पाठीवर मांजर बसवले आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या! गाईने अर्थातच पान्हा चोरला. पुढे मांजराची गरज नाही असे आढळले, नुसत्या पिशव्या पुरल्या, अशी नोंदही त्यांनी प्रामाणिकपणे केली आहे. मांजराचे मत मात्र कोणी नोंदवले नाही.

स्त्रियांतही असेच घडते का? १९४८ मध्ये नाइल्स न्यूटन आणि त्यांचे डॉक्टर पती मायकेल न्यूटन यांनी हे तपासले. प्रयोगातील आई स्वतः नाइल्सच होत्या आणि बाळ त्यांचे सात महिन्यांचे. ठरावीक वेळेत बाळ किती दूध पिते, हे त्याचे वजन करून मोजायचे. काही दिवस शांतपणे पाजायचे. काही दिवस पाजताना आईला त्रास द्यायचा: पाय बर्फाच्या पाण्यात, अंगठ्याला बांधलेली दोरी खेचणे, भराभर गणिते विचारणे आणि उत्तर चुकले की विजेचा सौम्य झटका. शांत दिवशी बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळाले, त्रासाच्या दिवशी ९९ ग्रॅम. मग त्रास तोच ठेवून ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे इंजेक्शन दिले, तर दूध १५३ ग्रॅमवर आले. दूध आटले नव्हते, अडले होते. एकाच आईवरचा हा प्रयोग, पण त्याची मांडणी इतकी स्वच्छ आहे, की प्रायोगिक नियंत्रण म्हणजे काय हे उच्च माध्यमिक वर्गाला समजावताना तो जरूर सांगावा.

ऑक्सिटोसिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून रक्तात उतरते. दुग्धकोशांभोवतीचे तंतू त्यामुळे आकुंचन पावतात आणि दूध पुढे ढकलले जाते. "तुझे दूध पुरत नाही" हे वाक्य चारचौघांत ऐकणारी, टाके दुखणारी, झोप न झालेली बाळंतीण बर्फात पाय बुडवलेल्या आईपेक्षा फार वेगळ्या अवस्थेत असते, असे आम्हांला वाटत नाही.

पण हे झाले दूध उतरण्याविषयी. बाटलीने दूध कमी का होते, याचे खरे उत्तर दूध तयार होण्यात आहे. बाळ लुचले, की पीयूषिका ग्रंथी प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरकही सोडते, आणि रात्री ते अधिक असते. रात्रीचे पाजणे बंद करणारा दंडक इथे नेमका उलटा पडत होता. तरीही एक प्रश्न उरतो. संप्रेरक रक्तातून दोन्ही बाजूंना सारखेच पोचते, मग एकाच बाजूला पाजणाऱ्या आईची फक्त दुसरी बाजू का आटते?

१९८० च्या दशकात स्कॉटलंडमधील एअर येथील हॅना संशोधन संस्थेत माल्कम पीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. एका सडाची धार दिवसातून दोनदा काढली, दुसऱ्याची तीनदा. दूध वाढले ते फक्त तीनदा धार काढलेल्या बाजूला. दाब कमी झाल्यामुळे असे होत असेल का? हे पाहण्यासाठी काढलेल्या दुधाच्या जागी तेवढेच साखरेचे द्रावण परत भरले. दाब होता तसाच राहिला, तरी दूध वाढले! म्हणजे साचलेल्या दुधातच असे काहीतरी असते, जे पेशींना 'आता पुरे' असे सांगते. तो पदार्थ नेमका कोणता यावर अजून एकमत नाही. पण नियम स्पष्ट आहे: दूध काढले तर बनते, साचले तर थांबते.

आता पहिल्या प्रसंगाकडे वळू. चौथ्या दिवशी बाटलीने साठ मिलिलिटर वरचे दूध पोटात गेले. बाळ चार तास झोपले. त्या वेळात ते छातीशी गेले नाही, दूध साचले आणि पेशींना 'पुरे'चा निरोप गेला. दुसऱ्या दिवशी दूध आणखी थोडे कमी, बाटली आणखी थोडी मोठी. शिवाय बाटलीतून दूध लगेच येते, अंगावर पान्हा फुटेपर्यंत लुचावे लागते, तोंडही मोठे उघडावे लागते. बाटलीची सवय झालेली काही बाळे मग छातीशी कुरकुरतात. सगळीच तसे करतात असे नाही, आणि बोंडाचा हा 'गोंधळ' कितपत खरा यावर तज्ज्ञांत वाद आहे.

हे गणित व्यापाराने मात्र कधीच ओळखले होते. प्रसूतिगृहात फुकट दिलेला एक डबा पुरतो. तो संपेपर्यंत आईचे दूध कमी झालेले असते आणि पुढचा डबा विकतच घ्यावा लागतो. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात 'दूध आणि खून' अशा जळजळीत शीर्षकाचे भाषण केले होते. बाळांच्या गळी उतरवलेल्या गोड आटीव दुधाविरुद्ध ते होते. १९७० च्या दशकात फिलिपीन्समधील बागियो येथे डॉ. नातिविदाद क्लावानो यांनी आपल्या रुग्णालयातला नवजातांचा वेगळा कक्ष आणि बाटल्या बंद करून बाळे आईजवळ ठेवली. सुमारे दहा हजार बाळांच्या नोंदींत जुलाबाचे आणि जंतुसंसर्गाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण फार घटलेले दिसले. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने विक्रीची आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. विरोधातले एकमेव मत अमेरिकेचे होते. भारताने १९९२ मध्ये कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. बालदुग्धपर्याय आणि बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र, हे सारे त्यानुसार निषिद्ध आहे.

कायदा विक्रीच्या पद्धतीवर आहे, आईवर नाही, हे वर्गात आवर्जून सांगायला हवे. काही आयांना खरोखरच दूध कमी येते: थायरॉइडचा विकार, छातीची शस्त्रक्रिया, वारेचा अंश गर्भाशयात राहणे, दुग्धग्रंथींची अपुरी वाढ अशी कारणे असतात. अशा वेळी वरचे दूध बाळाचा जीव वाचवते. बाटलीवर असलेल्या बाळाची बाटली एकदम बंद करणे तर धोक्याचेच. आधी दोन्ही बाजूंना पाजावे, रात्रीसुद्धा, दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा. मग लागेल तेवढे वरचे दूध वाटी-चमच्याने किंवा उकळलेल्या बोंडल्याने द्यावे, आणि बाळाचे वजन पाहत, डॉक्टरांच्या सल्ल्याने ते कमी करत न्यावे. बऱ्याच जणींचे दूध अशाने पुन्हा वाढते.

आणि छातीवर रेघा नसल्या, तरी मोजायला लंगोट असतात. पाचव्या दिवसानंतर दिवसरात्रीत सहा किंवा अधिक लंगोट चांगले भिजत असतील आणि पहिल्या दिवसांत घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून आले असेल, तर बाळाला दूध पुरते आहे, मग ते कितीही रडो.