व्हीसीडीची नक्कल आणि डिस्क इमेजचे प्रकार

सीडी किंवा डीव्हीडीवरचा मजकूर त्याच्या मांडणीसह एका फाइलीत उतरवला की तिला डिस्क इमेज म्हणतात. आयएसओ, बिन-क्यू, एनआरजी, सीसीडी, एमडीएफ अशी तिची अनेक रूपे आहेत. ती निरनिराळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधून आली असली, तरी त्यांच्यातला खरा फरक एकच आहे: तबकडीवरचे किती उचलायचे आणि किती सोडायचे.

सीडीवरची माहिती सेक्टरांत विभागलेली असते. एका सेक्टरात 2352 बाइट असतात आणि एका सेकंदाला 75 सेक्टर वाचले जातात. संगणकाच्या साध्या सीडीवर त्यातले 2048 बाइटच वापरकर्त्याचे असतात. उरलेली जागा सेक्टरची ओळख आणि चुका शोधून दुरुस्त करणारे संकेत यांत जाते. चरा पडलेली सीडीही अनेकदा वाचता येते, ती या संकेतांमुळे.

आयएसओ फाइलीत हे 2048 बाइट तेवढे येतात. तिचे नाव आयएसओ 9660 या 1988 च्या प्रमाणावरून पडले. त्याआधी 1985 मध्ये अमेरिकेतल्या ताहो सरोवराकाठच्या हाय सिएरा हॉटेलात कंपन्यांचे प्रतिनिधी जमले होते आणि कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशी फाइलींची मांडणी त्यांनी ठरवली होती. सॉफ्टवेअरच्या सीडीसाठी आयएसओ पुरेशी ठरते. गाण्यांच्या सीडीवर मात्र फाइलींची मांडणीच नसते, त्यामुळे नाट्यसंगीताच्या ऑडिओ सीडीची आयएसओ निघत नाही.

महाराष्ट्रात ही मर्यादा सर्वांत जास्त जाणवते ती व्हीसीडीबाबत, म्हणजे चित्रीकरण साठवणाऱ्या व्हिडिओ सीडीबाबत. राज्यात 2000 च्या आसपास लग्नाचे शूटिंग व्हीसीडीवर मिळू लागले. मराठी चित्रपटही दोन-तीन तबकड्यांच्या संचात घरी येऊ लागले. 2007 च्या सुमारास मोझर बेअरने चित्रपटांच्या व्हीसीडी 28 रुपयांना बाजारात आणल्या. कोऱ्या सीडी बनवणारीही हीच कंपनी होती. नकली तबकड्यांचा धंदा तोवर एवढा फोफावला होता, की 2009 मध्ये राज्याच्या 1981 च्या एमपीडीए कायद्यात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंक्तीत व्हिडिओ पायरेट्सही बसवले गेले.

1993 च्या व्हाइट बुक प्रमाणानुसार व्हीसीडीच्या पहिल्या ट्रॅकवर फाइलींची यादी असते आणि चित्रीकरण दुसऱ्यापासून पुढे सुरू होते. चित्रीकरणाच्या सेक्टरात दुरुस्तीचे संकेत वगळून 2324 बाइट व्हिडिओला दिलेले असतात. म्हणूनच 80 मिनिटांच्या, 700 एमबी लिहिलेल्या सीडीवर सुमारे 800 एमबी व्हिडिओ मावतो. त्याची किंमतही मोजावी लागते: चरा पडला की चित्र फुटते. अशा तबकडीची आयएसओ काढली तर ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरात ‘एव्हीएसईक्यू01.डॅट’ हे नाव दिसते, पण त्यामागचा व्हिडिओ बहुधा तुटलेला असतो किंवा नसतोच. नाव दिसल्यावर नक्कल नीट झाली असे वाटून मूळ तबकडी टाकून दिली, तर लग्नाचे शूटिंग कायमचे गेले.

बिन-क्यू जोडी इथे कामी येते. गोल्डन हॉक टेक्नॉलॉजीच्या सीडीआरविन या प्रोग्रॅममधून ती रूढ झाली. बिनमध्ये पूर्ण 2352 बाइटांचे सेक्टर असतात. क्यू ही नोटपॅडमध्ये उघडणारी छोटी फाइल असते. कोणत्या ट्रॅकचा प्रकार काय आणि तो कोणत्या मिनिटाला, सेकंदाला व सेकंदाच्या कितव्या पंचाहत्तराव्या भागाला सुरू होतो, हे तिच्यात लिहिलेले असते. गाण्यांमधल्या मोकळ्या जागाही त्यामुळे जशाच्या तशा राहतात.

जर्मनीच्या नीरोची एनआरजी एकाच फाइलीत हे सगळे ठेवते, मात्र ट्रॅकची नोंद शेवटी असल्याने अर्धवट उतरलेली फाइल निरुपयोगी ठरू शकते. क्लोनसीडीने सीसीडी, आयएमजी आणि सब अशा तीन फाइलींची पद्धत आणली. तिच्यातल्या सब फाइलीत प्रत्येक सेक्टरमागे 96 बाइटांची पूरक माहिती असते. गेमच्या सीडींवरची काही कुलुपे याच माहितीत लपवलेली असत. अल्कोहोल 120% ची एमडीएफ-एमडीएस जोडीही कुलपांच्या नकलेसाठीच लोकप्रिय झाली. घरगुती तबकड्यांना यांपैकी कशाचीच गरज नव्हती.

डीव्हीडी आल्यावर हा प्रश्न बराचसा मिटला. तिथे संगणकाला सेक्टरमागे 2048 बाइटच मिळतात, त्यामुळे साध्या डीव्हीडीला आयएसओ पुरते. फाइलींच्या नावांची अडचणही तोवर सुटली होती. मूळ आयएसओ 9660 मध्ये रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेखा एवढेच चाले. मायक्रोसॉफ्टच्या 1995 च्या जोलिएट विस्तारामुळे युनिकोडमधली 64 चिन्हांपर्यंतची नावे देता आली आणि देवनागरीला सीडीवर जागा मिळाली. काना, मात्रा, वेलांटी यांचे प्रत्येकी एक चिन्ह धरले जात असल्याने मराठी नाव मात्र दिसते त्यापेक्षा लवकर संपे.

मोझर बेअर 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि नव्या लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्ह हद्दपार झाला. जुनी व्हीसीडी जतन करायची तर आधी बिन-क्यू काढावी, तिच्यातून एमपीईजी वेगळी करावी, ती अथपासून इतिपर्यंत चालवून पाहावी आणि मगच तबकडी अडगळीत टाकावी.