दुपार नक्की किती वाजता?

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ‘दुपारी या, सौदा करू’ असं ठरलं की वाद पक्का. एकाची दुपार बाराला होते, दुसऱ्याची जेवून पडल्यावर, व्यापाऱ्याची तर गर्दी ओसरल्यावर. भांडण कुणी करत नाही. चहा होतो, टपल्या मारल्या जातात.

शब्दाला विचारलं तर निकाल पहिल्याच्या बाजूने. दुपार म्हणजे द्विप्रहर. सूर्योदयापासून 2 प्रहर सरले, म्हणजे सहाला उजाडलं तर थेट बारा. प्रहर 3 तासांचा, जुन्या मापाने साडेसात घटकांचा, आणि घटका 24 मिनिटांची. प्रहराचा मूळ अर्थ ‘ठोका’. घड्याळ घरोघरी नव्हतं तेव्हा वेळ ठोके देऊन कळवत. रात्रीच्या राखणदाराचा ‘पहारा’ही त्याच घरातला.

पण शब्द मुळाशी बांधलेला राहत नाही. उन्हाने त्याला चारपर्यंत ताणलं. म्हणून तर ‘भरदुपार’ आणि ‘दुपार टळली’ अशा खुणा वेगळ्या कराव्या लागल्या. एरवी मला व्युत्पत्तीचा अभिमान, पण इथे व्यापाऱ्याचंच बरोबर. तरी बैल विकायचा असेल, तर वाजले किती ते आधी विचारून घ्या.