पुडकें, वही आणि सही

पेण तालुक्यांतील हमरापूर, जोहे या बाजूच्या गांवांतून गणपतीच्या ज्या असंख्य मूर्ती दर वर्षीं बाहेर पडतात, त्यांतील पुष्कळशा कच्च्या असतात. साच्यांतून काढून वाळविलेली, पण रंग न चढविलेली मूर्ति परगांवचा कारखानदार घेऊन जातो, आणि रंगकाम व डोळ्यांची आंखणी आपल्या जागीं उरकतो. उरलेल्या मूर्ती पेणच्याच कारखान्यांत पुऱ्या होऊन, थेट मखरांत बसविण्याजोग्या, गिऱ्हाइकाकडे जातात. एकच माल कच्चा आणि तयार अशा दोन रूपांनीं बाजारांत येण्याची ही रीत ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना लिनक्स या संगणकप्रणालीवर सॉफ्टवेअर कसें बसवितात आणि कसें सांभाळतात, याची गेल्या तीसएक वर्षांची हकीकत परकी वाटण्याचें कारण नाहीं.

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, तेव्हां त्यावर चालणारें बहुतेक सॉफ्टवेअर कच्च्या मूर्तीसारखें मिळे. लेखकानें लिहिलेला मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, घ्यावा, आपल्या यंत्राच्या भाषेंत तो स्वतः उतरवून घ्यावा, आणि तयार झालेल्या फायली जागच्या जागीं नेऊन ठेवाव्या, असा शिरस्ता होता. ज्याला हें साधे त्याला त्यांत मौजही वाटे. अडचण पुढें येई. एका प्रोग्रॅमच्या फायली एकाच ठिकाणीं राहत नाहींत. चालणारा भाग एका कप्प्यांत, मांडणीचे नियम दुसऱ्यांत, माहितीपत्रक तिसऱ्यांत जाऊन बसतें. कोठें काय ठेविलें याची नोंद कोणीच ठेवीत नसे. सहा महिन्यांनीं तोच प्रोग्रॅम काढून टाकावयाचा म्हटला, तर घरभर पांगलेलें सामान वेंचण्याचा प्रसंग. आणि त्या वेंचणींत दुसऱ्याच कोणाची फाईल उचलली गेली, तर तोही बिचारा बंद पडे.

तयार संच पुरविणारे लोक लवकरच पुढें आले. १९९२ चा एस.एल.एस. हा त्यांतील एक. त्यांतील चुकांना कंटाळून, अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत शिकणाऱ्या इयान मर्डॉक या तरुणानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं आपण नवा संच रचीत असल्याचें जाहीर केलें. पुढें पत्नी झालेल्या डेब्राचें आणि आपलें नांव जोडून त्यानें त्याला डेबियन म्हटलें. नांव हौसेचें असलें तरी कल्पना प्रौढ होती: संचाचा प्रत्येक भाग एकेका माणसानें अंगावर घ्यावा, आणि सर्वांनीं एकच नियमावली पाळावी. त्यासाठीं १९९४ सालीं डीपीकेजी हें साधन तयार झालें.

या साधनाच्या मुळाशीं असलेली वस्तु म्हणजे पॅकेज. साध्या मराठींत पुडकें. आंत रंगवून पुऱ्या केलेल्या फायली, आणि बरोबर एक चिठ्ठी. चिठ्ठींत पुडक्याचें नांव, आवृत्तीचा अंक, सांभाळणाऱ्याचें नांव, आणि हें चालण्यास आणखी कोणतीं पुडकीं घरांत हवींत त्यांची याद. पुडकें सोडलें कीं प्रत्येक फाईल कोठें ठेविली हें डीपीकेजी आपल्या वहींत टिपतें. दुसऱ्या पुडक्यानें त्याच जागीं त्याच नांवाची फाईल आणली, तर काम थांबवून तक्रार करतें. काढावयाची वेळ आली कीं वही पाहून नेमक्या तेवढ्याच फायली उचलतें. मांडणीचे नियम मात्र मागें ठेवतें, कारण त्यांत मालकानें स्वतः फेरफार केलेले असावयाचे. तेही नकोत, तर तसें निराळें सांगावें लागतें. वाण्याच्या वहीहून यांत अधिक कांहीं नाहीं. १९९५ च्या सुमारास रेड हॅट या संस्थेनें आरपीएम या नांवानें अशीच व्यवस्था उभी केली.

चिठ्ठींतील ती याद हाच सगळ्या इतिहासाचा कळीचा भाग आहे. जीं कामें सर्वच प्रोग्रॅमना लागतात तीं प्रत्येकानें पुन्हा लिहूं नयेत म्हणून लायब्ररी नांवाचे सामायिक भाग असतात. वाडींत एक आड, आणि सर्व घरांचें पाणी तेथून. आड एक असल्यानें खर्च वांचतो, पण आड बदलला कीं सर्वांनाच दोर नवे लागतात. १९९७-९८ च्या सुमारास सी-लायब्ररी हा असाच सर्वांचा मुख्य आड बदलला गेला. जुन्या आवृत्तीवर बांधलेले प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालत ना. एक पुडकें दुसरें मागे, दुसरें तिसरें, आणि तिसरें असें कांहीं मागे कीं जें पहिल्याशीं एका घरांत नांदूं शकत नाहीं. या गुंत्याला तिकडचे लोक सरळ नरकच म्हणत.

डीपीकेजी आणि आरपीएम हीं दोन्ही साधनें याद वाचीत, कमी काय तें सांगत, आणि तेथेंच थांबत. ही अवस्था रोह्याच्या लोकांस समजावून सांगावी लागणार नाहीं. १९८६ सालीं रेल्वेचा फांटा रोह्यापर्यंत आला आणि तेथें संपला. महाड-चिपळूणकडे जाणाऱ्यानें पुढची सोय आपली आपण पाहावयाची. जून १९९३ मध्यें कोंकण रेल्वेचा रोहे ते वीर हा ४७ किलोमीटरांचा तुकडा सुरू झाला, आणि २६ जानेवारी १९९८ पासून सबंध मार्गावर गाडी धावूं लागली. योगायोग असा कीं त्याच १९९८ सालीं डेबियनच्या एपीटी या साधनाची पहिली आवृत्ति बाहेर आली, आणि पुडक्यांच्या प्रवासालाही थेट तिकीट मिळालें. हवें त्याचें नांव सांगावें. याद, यादीची याद, तिचीही याद हें सर्व एपीटी स्वतः वाचतें, सगळी सांखळी जुळवितें, पुडकीं भांडारांतून आणतें आणि योग्य क्रमानें डीपीकेजीच्या हवालीं करतें. मार्च १९९९ मध्यें तें डेबियन २.१ बरोबर घरोघर गेलें, तेव्हां भांडारांत सुमारें २,२५० पुडकीं होतीं. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्यें तीं ६९,८३० आहेत.

येथें नवशिक्यांची एक हटकून होणारी चूक सांगितली पाहिजे. ‘अपडेट’ म्हटल्यानें सॉफ्टवेअर नवें होत नाहीं. केवळ भांडाराची ताजी यादी घरीं येते. माल बदलतो तो ‘अपग्रेड’नें. भावपत्रक मागविणें आणि सामान मागविणें यांत जो फरक तोच हा. मालकानें मागून घेतलेलें पुडकें कोणतें, आणि केवळ त्याच्या सोबतीला आलेलें कोणतें, हेंही एपीटी पुढें वहींत टिपूं लागलें. त्यामुळें पाहुणा गेल्यावर मागें राहिलेलें त्याचें गणगोत एका आज्ञेनें बाहेर काढतां येतें. आरपीएमच्या बाजूस हेंच काम ड्यूक विद्यापीठांतील सेठ विडाल व त्याचे सहकारी यांच्या ‘यम’नें केलें.

महाराष्ट्रांत हें वारें यावयास फार काळ लागला नाहीं. भारतीय भाषांत लिनक्स आणण्यासाठीं इंडलिनक्स हा उपक्रम मुंबईंत २००० च्या सुमारास निघाला. सी-डॅकनें २००७ सालीं काढलेली बॉस ही प्रणाली डेबियनवरच उभी आहे. डेबियन बसवितांना पुढें येणाऱ्या भाषांच्या यादींत मराठी असते. आणि मुंबईच्या आय.आय.टी.च्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पांत, एपीटीला चित्रमय रूप देणाऱ्या सिनॅप्टिकचा पाठ मराठी निवेदनासह ऐकावयास मिळतो. पेण-रोह्याच्या विद्यार्थ्याला आतां भाषेची सबब राहिलेली नाहीं.

राहतो तो विश्वासाचा प्रश्न. तयार पुडकें घरांत घेणारा मनुष्य मूर्तिकार आणि रंगारी या दोघांवरही भिस्त ठेवतो. भांडारांतील याद्यांवर डेबियनची सही असते, आणि ती एपीटी तपासून पाहतें. पण सही माल कोणाचा हें सांगते. आंत काय आहे हें सांगत नाहीं. २००६ सालीं डेबियनच्या एका सांभाळणाऱ्यानें ओपन-एसएसएल या गुप्तलेखनाच्या पुडक्यांतील एक निरुपयोगी वाटणारी ओळ सद्भावनेनें बंद केली. परिणाम असा झाला कीं एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६८ च बनूं लागल्या, म्हणजे चोराला त्या एकेक करून लावून पाहतां येण्याजोग्या. ही गोष्ट १३ मे २००८ रोजीं जाहीर झाली. मधल्या काळांतील सर्व पुडकीं रीतसर सहीचीं होतीं.

ती चूक रंगाऱ्याची. २०२४ मधील प्रकार मूर्तिकाराच्याच घरीं घडला, आणि तो बुद्धिपुरस्सर होता. फायली दाबून लहान करणारें एक्सझेड हें लहानसें साधन एक थकलेला लेखक फावल्या वेळांत सांभाळीत असे. टोपण नांवाच्या एका मदतनिसानें दोन वर्षांहून अधिक काळ चांगलें काम करून त्याचा विश्वास मिळविला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट ठेविली. तिची गुरुकिल्ली उघड्या मजकुरांत नव्हती. वांटण्यासाठीं बांधलेल्या गठ्ठ्यांतच होती. दुरून संगणकांत शिरण्याचें जें एसएसएच हें दार, त्याला एक्सझेडशीं वस्तुतः कर्तव्य नाहीं. परंतु डेबियन आदि संचांनीं सोयीसाठीं त्या दाराला सिस्टमडीची एक लायब्ररी जोडली होती, आणि तिच्या यादींत एक्सझेडची लायब्ररी होती. यादीच्या यादीवरून चोर दारापर्यंत पोंचला.

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचनें आंत शिरतांना अर्धा सेकंद जास्त लागतो असें वाटलें. तेवढ्याशा विलंबाचा त्यानें माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं सारें उघडकीस आणलें. डेबियनची स्थिर आवृत्ति बचावली, कारण तींत नवें पुडकें शिळें झाल्याखेरीज येत नाहीं. जी रेंगाळ तिच्या नांवानें नेहमीं बोटें मोडवीत आली, तिनेंच त्या वेळीं घर राखलें. चांचणीच्या आवृत्तींत तें शिरलें होतें, तेथून मागें घ्यावें लागलें. पण वहीचा नियम असा कीं अपग्रेडमध्यें अंक चढताच पाहिजे, ५.६.१ वरून खालीं उतरतां येत नाहीं. म्हणून सांभाळणाऱ्यांनीं आंत जुना, निर्मळ माल भरला आणि चिठ्ठीवर अंक घातला: ‘५.६.१+रिअली५.४.५-१’, म्हणजे नांवाला ५.६.१, खरें पाहतां ५.४.५.