बैलाची खोड, गाडीचा ब्रेक

धाराशिव जिल्ह्यातलं उमरगा सोडून हैदराबादच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो आणि बिदर जिल्ह्याची हद्द लागते. चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, याच टापूत आहे. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने इथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वारसाहक्काचे खटले लढवणाऱ्या वकिलांना हा ग्रंथ ठाऊक असतो. त्यातलं खरेदी-विक्रीचं प्रकरण मात्र फारसं कुणी उघडत नाही. विकत घेतलेली वस्तू सदोष निघाली, घेणारा पस्तावला, तर काय करायचं, हा त्याचा विषय आहे.

तिथे मुदती अगदी स्पष्ट दिल्या आहेत. लोखंड एका दिवसात पारखायचं, दुभतं जनावर तीन दिवसांत, ओझं वाहणारं जनावर पाच दिवसांत, रत्न सात दिवसांत, बियाणं दहा दिवसांत. याच यादीत दास-दासीही आहेत; तो काळ तसाच होता आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सदोष माल निर्दोष म्हणून विकणाऱ्याला याज्ञवल्क्याने किमतीच्या दुप्पट दंड सांगितला आहे. कौटिल्य तर चतुष्पाद परत करायला तीन पंधरवड्यांपर्यंतची मुदत देतो. नारदाचा कल वेगळा: घेणाऱ्याने आधी नीट पाहून घ्यावं, पाहून-पसंत करून घेतलेली वस्तू मग परत करता येत नाही. ग्राहकाने डोळे उघडे ठेवायचे की विकणाऱ्याने तोंड उघडायचं, हा वाद इतका जुना आहे.

धाराशिव जिल्ह्यात हा वाद केवळ पोथीतला राहिला नसणार. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगराहून कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या वस्तू पाहिल्या की या व्यापाराचा पल्ला लक्षात येतो. तो सगळा माल अखेर बैलांच्या खांद्यावर चालत होता. बैल वाटेत बसला तर माल बसला. ज्या रोमन जगाशी या बंदराचा व्यापार चाले, तिथेही बाजार-अधिकाऱ्यांचा हुकूम होता: जनावर विकणाऱ्याने त्याचं दुखणं, त्याची खोड उघड सांगावी, नाही सांगितली तर घेणाऱ्याला सहा महिन्यांत व्यवहार मोडता येईल.

बैलबाजारात माणूस काय-काय पाहतो? आधी खालचा ओठ खाली ओढून दात. बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. दुधाचे दात पडून पक्क्या दातांची एकेक जोडी येत जाते, त्यावरून वय ठरतं: आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि मग जुळलेला. त्यानंतर खांदा चाचपायचा, खूर उचलून बघायचे, डोळ्यापुढून हात फिरवून नजर तपासायची, चार पावलं चालवून लंगडतो का ते पाहायचं. मग रुमालाखाली हातात हात, बोटं दाबून सौदा, आणि इसार.

एवढं करूनही जे दिसत नाही तेच नडतं. जू मानेवर पडलं की बसकण मारणारा बशा बैल बाजारात अगदी रुबाबात उभा असतो. दुपारच्या उन्हात धापा टाकणारा बैल सकाळच्या गारव्यात ठणठणीत दिसतो. ही खोड कळायला तो औताला जुंपावा लागतो, एकदा नाही, दोन-चार दिवस. कल्याणीच्या पंडिताने मान्य केलेल्या पाच दिवसांमागे शेतकऱ्याचं हे साधं शहाणपण आहे. बैल विकणाऱ्या हेड्याला जे ठाऊक असतं ते घेणाऱ्याला एका सकाळीत कळू शकत नाही, आणि कायद्याने ही दरी भरून काढली पाहिजे.

१८७२ साली ब्रिटिश हिंदुस्थानात करार कायदा आला, तो दुसऱ्या टोकाहून निघाला. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि खाली उदाहरणं आहेत घोड्याची. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. मात्र घेणाऱ्याने म्हटलं, ‘तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालेन,’ आणि तरीही विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. म्हणजे विचारलं तर हक्क, नाही विचारलं तर नशीब. ज्याला काय विचारायचं तेच ठाऊक नाही, त्या गरजू माणसावर हा मोठा अन्याय होता.

धाराशिव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं. १ एप्रिल १९५१ पासून केंद्राचे अनेक कायदे एकदम इथे लागू झाले. त्यांत १८७२ चा करार कायदा होता, आणि १९३० चा वस्तू विक्री कायदाही.

या १९३० च्या कायद्यातलं कलम १६ जुनी गाडी घेणाऱ्याने समजून घ्यावं असं आहे. सुरुवात कडकच आहे: मालाच्या दर्जाची गर्भित हमी नाही. पण लगेच अपवाद येतात. तोच धंदा करणाऱ्या विक्रेत्याला घेणाऱ्याने वस्तू कशासाठी हवी ते सांगितलं आणि त्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला, तर वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे. घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याबद्दल पुढे तक्रार चालत नाही. जे त्या तपासणीत दिसणं शक्यच नव्हतं, त्याबद्दल चालते.

इथे ब्रेक येतो. रंग, टायर, सीट, इंजिनचा आवाज हे सगळं उभ्या गाडीत कळतं. ब्रेकचे लायनर मात्र ड्रमच्या आत असतात. चाक आणि ड्रम काढल्याशिवाय ते किती उरलेत हे सांगता येत नाही. लायनर पार झिजला की लोखंड लोखंडावर घासतं, ड्रमला चरे पडतात. तरीही सपाट रस्त्यावर दोन किलोमीटरची ट्रायल मारली तर गाडी थांबते. मग घरची मंडळी बसवून माणूस तुळजापूरला जातो, दर्शन करून सोलापूरच्या बाजूने घाट उतरू लागतो. सारखा पाय ब्रेकवर असल्याने आधीच झिजलेले लायनर तापतात, पकड सोडतात. ब्रेक ऑइल जुनं असेल, त्यात पाणी शिरलेलं असेल, तर ते उकळतं आणि पेडल तळाला जातं. बशा बैलाने पेरणी बुडते. इथे माणसं जातात.

‘जशी आहे तशी घेतली’ असं लिहून दिलं म्हणजे विक्रेता मोकळा झाला, अशी समजूत गाडीबाजारात पक्की आहे. ती पूर्ण खरी नाही. १९६५ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे एका जुन्या जॅग्वारचा खटला आला. क्लचमध्ये दोष आहे हे विक्रेत्याने आधीच सांगितलं होतं, किंमतही कमी केली होती. दुरुस्ती अंदाजाबाहेर महागात पडली. घेणारा हरला. पण लॉर्ड डेनिंग यांनी तिथे आखलेली रेघ मोलाची आहे: जुनी गाडी नव्यासारखी नसेल, दुरुस्त्या निघतील, पण ती रस्त्यावर सुरक्षितपणे चालवण्याजोगी तरी हवी. भारतीय कायदा त्याच इंग्रजी कायद्यावर बेतलेला असल्याने हा विचार इथेही उपयोगी पडतो. क्लच आणि ब्रेक यांच्यातला फरक याच रेघेवर ठरतो.

भारतात पुढची ढकल रस्त्यावरून आली. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली आणि ग्राहकाची बाजू ही चळवळ झाली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, जिल्ह्या-जिल्ह्यात मंच आले, दिवाणी दाव्याच्या तारखांना कंटाळलेल्या माणसाला दुसरं दार मिळालं. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली होती, त्यामुळे प्रवासी जीप चालवणाऱ्याचं काय, हा प्रश्न होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं: पोटासाठी स्वतः चालवायला रिक्षा घेणारा ग्राहकच. गावोगावच्या वडापवाल्यांसाठी हा निकाल मोठा आहे.

मोटार वाहन कायदा याच्या शेजारून चालत आला. गाडीला दोन स्वतंत्र, परिणामकारक ब्रेक हवेत, हे १९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या ९६ व्या नियमात आहे. असे नियम मोडणारी गाडी विकणाऱ्या डीलरला १९८८ च्या कायद्यात दंड होता जास्तीत जास्त पाचशे रुपये. एका लायनर-सेटच्या आसपासची ही रक्कम कुणाला धाक घालणार? २०१९ च्या दुरुस्तीने तो प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये केला, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. डीलरला सुटकेची एक वाट ठेवली आहे: गाडीत नेमका काय दोष आहे हे विकताना समोरच्याला सांगितल्याचं त्याने सिद्ध करावं. जोताच्या जनावराची खोड सांगा, या मागणीपर्यंत कायदा असा इतक्या वळणांनी परत आला.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी त्याच्या हवाली केली की तशी ऑनलाइन सूचना जाते आणि गाडी विकेपर्यंत डीलर तिचा मालक मानला जातो. गाडी बाहेर काढली तर कशासाठी, कोणी चालवली, किती किलोमीटर, याची नोंद ठेवायची. ‘गाडी माझी नाही, मी फक्त गिऱ्हाईक आणून दिलं’ हे जुनं उत्तर अशा डीलरला देता येत नाही. म्हणून इसार देण्यापूर्वी अधिकारपत्र दाखवा म्हणणं योग्य.

तरीही फसगत झालीच, तर २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यानुसार धाराशिवचा माणूस आपल्याच जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो, गाडी पुण्याहून किंवा सोलापूरहून घेतली असली तरी. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. उघडलेल्या ड्रमचे फोटो, मेकॅनिकचं सही-तारखेचं पत्र, काढलेले जुने लायनर जपून ठेवलेले असले की तक्रारीला वजन येतं. दुरुस्ती करून ते भंगारात टाकले तर दोष दाखवायला हाती काही उरत नाही.

गावातल्याच एखाद्या मालकाकडून, डीलर मध्ये नसताना, गाडी घेतली तर ग्राहक आयोगाचं दार बंद असतं. तिथे दिवाणी न्यायालय, आणि कायदा तोच घोड्याचा. अशा व्यवहारात ‘ब्रेकचं काम कधी केलं, लायनर किती उरलेत’ हा प्रश्न तोंडी न विचारता मोबाइलवर लिहून पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत पैसे हातात ठेवावेत.