ऑपरेशननंतर कान काय ऐकतो?

दोन वर्षांपूर्वी आमच्या उर्दू शाळेत चौथीच्या वर्गात एक मुलगी आली. कानामागे छोटं यंत्र, आणि केसांत डोक्याला चिकटलेली गोल चकती. अब्बा रिक्षा चालवतात. प्रवेशाच्या दिवशी ते मला म्हणाले, "सर, आपरेशन हो गया, अब सब सुनती." मी निश्चिंत झालो. तिला मागच्या बाकावर बसवलं आणि आठवड्याभरात इमला, म्हणजे श्रुतलेखन, घेतलं. दहापैकी सात शब्द चुकले. 'पानी'चं 'बानी' झालं होतं. "लक्ष कुठे असतं?" असं मी सगळ्या वर्गासमोर बोललो. डोक्यावर पंखा घरघरत होता, शेजारच्या वर्गात पाढे चालले होते. ती काही बोलली नाही.

मुलगी लक्ष देत होती. माझंच अज्ञान आड आलं. चष्मा लावला की दिसतं, तसं ऑपरेशन झालं की ऐकू येतं, असं मी धरून चाललो होतो. नंतर या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की जी चूक मी केली तीच जगानेही बरीच वर्षं केली आहे.

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या आवाजाच्या कंपनांचे विजेचे संदेश करतात आणि श्रवणचेता ते मेंदूकडे नेते. शंखाच्या तोंडाशी तीव्र, उंच स्वर आणि आतल्या टोकाशी खर्जातले स्वर, अशी तिथे जागांची वाटणी असते. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग प्रश्न उरतो तो हा की, त्यांना वगळून थेट चेतेलाच वीज दिली तर?

१८०० च्या सुमारास, विजेची बॅटरी शोधणाऱ्या व्होल्टाने स्वतःच्या दोन्ही कानांत धातूच्या सळ्या घालून प्रवाह सोडला. त्याला डोक्यात धक्का बसला आणि काहीतरी उकळत असल्यासारखा आवाज आला. हा प्रयोग त्याने पुन्हा करायचं टाळलं!

पुढची मोठी तारीख २५ फेब्रुवारी १९५७, शहर पॅरिस. आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी पूर्ण बहिऱ्या झालेल्या एका माणसाच्या श्रवणचेतेजवळ तार बसवली. त्याला ऐकू आलं, पण काय? रातकिड्यांची किरकिर आणि फिरणाऱ्या चक्राची खडखड. बोलण्याची लय कळायची, बोलणं कळत नव्हतं. बऱ्याच सरावाने तो मोजके ओळखीचे शब्द ओळखू लागला. पुढे यंत्र बंद पडलं, दुसरं बसवलं, तेही टिकलं नाही.

या कामाची बातमी अमेरिकेत पोहोचली आणि १९६१ साली लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी असे प्रयोग सुरू केले. त्यांच्या एकाच वाहिनीच्या यंत्राला १९८४ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. त्यातून दाराची टकटक, गाडीचा हॉर्न, बोलण्याचा चढउतार कळे, ओठ वाचायला मदत होई. नुसत्या आवाजावरून वाक्य समजणं मात्र फार थोड्यांना जमे.

ऑस्ट्रेलियात ग्रॅम क्लार्क यांच्या घरातच हा प्रश्न होता. त्यांचे वडील कमी ऐकायचे. क्लार्क यांनी ठरवलं की एक तार पुरणार नाही, शंखातल्या वेगवेगळ्या जागी वेगवेगळी टोकं पोहोचली पाहिजेत. १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नमध्ये त्यांनी असं यंत्र एका माणसाला बसवलं. त्याच्याही आधी काही महिने व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या दांपत्याचं अनेक वाहिन्यांचं यंत्र बसवलं गेलं होतं. १९८५ मध्ये क्लार्क यांच्या कामातून आलेल्या बावीस टोकांच्या यंत्राला अमेरिकेत प्रौढांसाठी मान्यता मिळाली, १९९० मध्ये मुलांसाठी. १९९१ मध्ये ब्लेक विल्सन यांनी आवाजाचे तुकडे टोकांवर पाठवण्याची नवी पद्धत मांडली, आणि बोलणं समजण्यात मोठा फरक पडला. तारा तशाच कानात होत्या, बदलली ती आवाज पोहोचवण्याची रीत.

तरी हिशेब लक्षात घ्या. पंधरा हजार पेशींचं काम वीस-बावीस टोकांवर. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, तेव्हा मोठ्या वयात बहिरे झालेले अनेकजण सांगतात की माणसं यंत्रासारखी किंवा कार्टूनसारखी बोलतात. कानात थोडी नैसर्गिक श्रवणशक्ती उरली असेल तर तीही या शस्त्रक्रियेत जाऊ शकते. मग आठवडे, महिने मेंदू नव्या आवाजांची जुन्या आठवणींशी सांगड घालतो आणि हळूहळू तोच आवाज ओळखीचा होतो. जन्मतः बहिऱ्या मुलाकडे तर जुनी आठवणच नसते. त्याला ऐकणं भाषेसारखं शिकवावं लागतं, तेही जितक्या लहान वयात तितकं बरं. गोंगाटातलं बोलणं आणि संगीतातले सूर मात्र अनेकांना शेवटपर्यंत अवघड जातात.

याच कारणाने १९९१ मध्ये अमेरिकेतल्या बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने मुलांवरच्या या शस्त्रक्रियेला विरोध केला होता. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, मुलाला 'दुरुस्त' करण्याच्या घाईत ती हिरावू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. २००० मध्ये संघटनेने भूमिका मवाळ केली, पण त्यांचा मुद्दा शिक्षकाने विसरू नये असाच आहे.

आपल्याकडे गरीब घरांतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची योजना आहे. तिचं काम मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था पाहते. १९८३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला महाराष्ट्राच्या एका माजी राज्यपालांचं नाव दिलेलं आहे. या योजनेत शस्त्रक्रियेबरोबर नंतरचे वाणी-उपचारही धरलेले आहेत, कारण त्यांच्याशिवाय शस्त्रक्रिया अर्धीच राहते.

ही गोष्ट मला वेळेवर कळली म्हणून बरं. कारण गेल्या वर्षी तिचे अब्बा म्हणाले, "थेरपी बंद करतो सर, दर खेपेला दिवसाची कमाई बुडते. आता ऐकते ना ती!" मी त्यांना चहा पाजला आणि पॅरिसच्या त्या माणसाची गोष्ट सांगितली, ज्याला कान मिळाला पण रातकिडेच ऐकू आले. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "और कितने दिन?" मी म्हटलं, "दिवस नाही भाई, वर्षं." त्यांनी थेरपी चालू ठेवली. आता दोन खेपांना अम्मी नेते, एका खेपेला ते.

मीही बदललो. ती आता पहिल्या बाकावर बसते. फळ्याकडे तोंड करून मी बोलत नाही. इमल्याच्या वेळी दार लावतो, पंखा बंद करतो, मुलं कुरकुरतात. आणि त्या पहिल्या दिवसाबद्दल वर्गासमोर तिची माफी मागितली, कारण रागावलोही वर्गासमोरच होतो.

मागच्या इमल्यात तिचे तीन शब्द चुकले. 'पानी' बरोबर होता.